कुठल्या तुम्ही?

विचारू नये तो प्रश्न मी एका बाईंना विचारला, त्याला आता वर्ष होऊन गेले. २०२४ च्या नोव्हेंबरातला सोमवार होता. हवाईतल्या माउई बेटावरच्या लहाइना सिव्हिक सेंटरमध्ये मध्यंतर झाले होते आणि मी खाण्याच्या स्टॉलसमोरच्या रांगेत उभी होते. स्टॉलवर साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. केसांचा पांढरा अंबाडा, कानामागे चाफ्याचे फूल आणि हातात चिमटा. त्या न बघता चिमट्याने स्पॅम मुसुबी उचलून कागदात गुंडाळत होत्या. मुसुबी म्हणजे दाबून केलेली भाताची वडी, त्यावर डबाबंद मांसाचा गोडसर परतलेला काप आणि सगळ्याला मिळून समुद्री शेवाळाची काळी पट्टी. आपल्याकडच्या स्टेशनवरच्या वड्याइतकीच ती तिथे सर्रास मिळते. माझी पाळी आली तेव्हा त्या हसल्या, म्हणून मीही हसले आणि सवयीने विचारून बसले, "तुम्ही इथल्याच का? घर जवळच असेल?" त्यांनी कागदाची घडी घातली. "होतं," त्या म्हणाल्या, आणि चिमटा भिंतीकडे, भिंतीपलीकडे जिथे गाव होते त्या दिशेला, किंचित हलवला. "आता काहुलुईला असते, पुतणीकडे. सॉस त्या टेबलावर आहे." मला काही सुचेना. "आणखी तीन द्या," मी म्हणाले.

त्या तीन मुसुबी कोणीच खाल्ल्या नाहीत.

मी नागपूरची. "कुठल्या तुम्ही?" हा प्रश्न आमच्या तोंडी "बसा" या शब्दाइतक्या सहज येतो. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बाकावर कोणी टेकले रे टेकले की आई हाच प्रश्न विचारायची, आणि बडनेरा येईपर्यंत त्या माणसाच्या आत्याच्या नणंदेपर्यंत पोहोचायची. हा प्रश्न म्हणजे चौकशी नसते, सतरंजी अंथरणे असते. गाव सांगितले की माणूस त्या सतरंजीवर येऊन बसतो. अमेरिकेत आल्यापासून ही सवय मी बरीच आवरली आहे, कारण इथे चेहऱ्याकडे बघून हा प्रश्न विचारला तर तो टोचतो, आणि तो मलाही टोचलेला आहे. असे असूनही लहाइनात, ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत शंभरहून अधिक माणसे आणि दोन हजारांहून अधिक इमारती गमावलेल्या गावात, मी तोच प्रश्न विचारला. बातम्या मी वाचल्या होत्या, विमानात तर पुन्हा वाचल्या होत्या. पण वाचलेले डोक्यात असते आणि सवय जिभेवर असते.

आम्ही तिथे गेलो होतो बास्केटबॉलसाठी. मुलगा कनेक्टिकट विद्यापीठात शिकतो, आणि त्या विद्यापीठाचा संघ २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता ठरलेला. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात माउई इन्व्हिटेशनल या कॉलेज संघांच्या स्पर्धेत तो संघ खेळणार आहे हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. हवाईला जायचे म्हणजे लोक समुद्राचे बोलतात, आमचा मुलगा दुसऱ्या दिवशी कोणाशी गाठ पडेल याच्या आकृत्या काढत होता. हंगाम नुकता सुरू झालेला असतो, संघांना अजून एकमेकांची सवय व्हायची असते, प्रशिक्षकांना कोणाला कधी बसवायचे हे नीट उमगलेले नसते, आणि अशा कच्च्या दिवसांत आठ संघ एका बेटावर येऊन तीन दिवसांत तीन-तीन सामने खेळतात. मला ही स्पर्धा मार्चमधल्या त्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा जास्त आवडते, हे मी मुलासमोर म्हणत नाही. मार्चमध्ये एक सामना हरला की संघ घरी. इथे हरलेल्यालाही दुसऱ्या दिवशी बूट घालून यावेच लागते. सोमवारी हरलेले मंगळवारी हरलेल्यांशीच खेळतात, आणि तिथेही हरलेले बुधवारी सातव्या जागेसाठी भिडतात. बारा सामने होतात आणि एकाही संघाला लवकर सुटका नसते.

ते सभागृह बघून मी प्रथम थबकलेच. टीव्हीवर इतकी वर्षे पाहिलेले, पण प्रत्यक्षात जेमतेम २,४०० जणांची जागा. नागपुरात एखाद्या बड्या घरच्या लग्नाला त्याहून जास्त पाने उठतात. आमच्या विद्यापीठाचे स्वतःचे क्रीडागृह दहा हजारांचे आहे. इथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही खेळाडूच्या मानेवरचा घाम दिसतो, बुटांची किरकिर दाताखाली खडा आल्यासारखी जाणवते आणि प्रशिक्षकाने खेळाडूला हासडलेली शिवी शब्दन्‌शब्द ऐकू येते. २००५ पर्यंत तिथे वातानुकूलनही नव्हते. लहाइना या नावाचा अर्थच 'निर्दय ऊन' असा सांगतात, आणि दार उघडले की त्या अर्थाची एक झुळूक आत येते. प्रशिक्षक सूट-टायऐवजी फुलाफुलांच्या ढगळ शर्टांत येरझारा घालतात, त्यामुळे ते कितीही संतापले तरी सुटीवर आलेल्या काकांसारखे दिसतात.

या स्पर्धेचा जन्म एका पराभवातून झाला, आणि तो पराभव यजमानांचा नव्हता. २३ डिसेंबर १९८२ च्या रात्री होनोलुलूमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ शॅमिनाड नावाच्या चिमुकल्या कॅथलिक कॉलेजशी खेळायला उतरला. व्हर्जिनिया देशात पहिल्या क्रमांकावर होता, जपानमधले सामने जिंकून घराकडे परतत होता, आणि त्याच्याकडे सात फूट चार इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन होता. शॅमिनाडची एकूण विद्यार्थिसंख्या हजाराच्या आत. तो संघ तर मोठ्या कॉलेजांच्या गटातही बसत नव्हता. सॅम्पसनला अडवायची कामगिरी टोनी रँडॉल्फ या मुलाकडे आली, जो त्याच्यापेक्षा पाऊण फुटाने बुटका होता, पण मूळचा व्हर्जिनियाचाच होता आणि शाळेच्या दिवसांत त्याच्याविरुद्ध खेळलेला होता. मला या गोष्टीतले हेच टोक सर्वांत गोड वाटते. हजारो मैलांवरच्या बेटावर, लोक ज्याच्याकडे मान वर करून बघत होते, त्याला रँडॉल्फ गावाकडचा मुलगा म्हणून ओळखत होता. शॅमिनाडने सामना ७७-७२ असा जिंकला. टीव्हीवर तो दाखवलाच नव्हता. तीन हजारांहून थोड्या अधिक माणसांनी तो डोळ्यांनी पाहिला, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असल्यामुळे बहुतेकांना सकाळी उठल्यावर बातमी कळली. त्या एका रात्रीच्या पुण्याईवर १९८४ पासून शॅमिनाडच्या यजमानपदाखाली ही स्पर्धा सुरू झाली.

मीही शाळेत बास्केटबॉल खेळले आहे, म्हणजे संघात होते. आमचे मैदान सिमेंटचे होते, त्याच्या मधोमध एक भेग होती आणि चेंडू तिच्यावर पडला तर कुठे जाईल हे आम्हालाच माहीत असायचे, पाहुण्यांना नाही. कड्यांना जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावर भांडणे व्हायची. खेळून घरी आल्यावर तळहात शिसपेन्सिलीने घासल्यासारखे काळे झालेले असत आणि आई आधी हात धुवायला लावून मगच पाणी द्यायची. माझी उंची पाच फुटांवर अडली ती अडलीच, म्हणून मी बहुतेक वेळ बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. त्यामुळे रँडॉल्फची गोष्ट कोणी सांगू लागले की मी थोडी जास्तच सरसावून ऐकते.

शॅमिनाडचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शॅमिनाड आपल्याच स्पर्धेत वर्षानुवर्षे हरत राहिले. अधूनमधून एखाद्या बड्या संघाला त्यांनी झटका दिला, २००३ मध्ये व्हिलानोव्हाला, २०१२ मध्ये टेक्ससला, २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाला तर ९६-७२ असा. एरवी ते हरले. आणि २०१८ पासून असे ठरले की शॅमिनाडने फक्त विषम वर्षी खेळावे. सम वर्षी आठही जागा मोठ्या संघांना. कारण व्यवहाराचे आहे. शॅमिनाड दुसऱ्या श्रेणीत खेळते, आणि मार्चच्या स्पर्धेसाठी संघ निवडताना पहिल्या श्रेणीबाहेरच्या संघाविरुद्धचा विजय जमेत धरत नाहीत. इतक्या लांब येऊन तीनपैकी एक सामना हिशेबाबाहेर घालवायला कोण राजी होईल? मला हे पटते आणि आवडत नाही. विदर्भातल्या लग्नांत घरचे लोक शेवटच्या पंगतीला बसतात. तोवर वडाभातातले वडे संपून नुसता भात उरलेला असतो, आणि "तुम्ही आधी बसा, आमचं काय, आम्ही घरचेच" असे म्हणत आजोबांनी फोडणीच्या तेलावर भात कालवून खाल्लेला मी पाहिला आहे. पण त्या पंगतीत निदान आजोबांचे पान तरी मांडलेले असे. वर्षाआड पान मांडायचे, ही रीत मला नवीन.

यजमानाचेच कशाला, खुद्द स्पर्धेचेही घर वारंवार सुटले आहे. करोनामुळे २०२० मध्ये ती नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलला झाली, २०२१ मध्ये लास वेगासला. नाव माउईचे, बाहेर कडाक्याची थंडी नाहीतर वाळवंट. २०२२ मध्ये ती लहाइनात परतली आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये आग लागली, म्हणून त्या वर्षीची स्पर्धा होनोलुलूला न्यावी लागली. सिव्हिक सेंटर आगीतून वाचले होते. काही महिने तिथे खेळ नव्हता, मदतीसाठी येणाऱ्या माणसांची ये-जा होती. आम्ही बसलो होतो ते परतीचे पहिले वर्ष. सामन्यापूर्वी निवेदक जे बोलला ते मनापासून होते, लोक उभे राहिले, मीही उभी राहिले. पाच मिनिटांनी चेंडू उडाला आणि मी बाकी सगळे विसरले. हेही लिहून ठेवायला हवे. मध्यंतरात स्टॉलवर मी गेले ती ते विसरलेली बाई होती.

आईला मी रोज फोन करायचे. तिकडे दुसऱ्या दिवसाची पहाट असायची, कारण लहाइनाचे घड्याळ नागपूरच्या साडेपंधरा तास मागे चालते. आईला बास्केटबॉलमध्ये रस नाही. तिला रस होता वडात. लहाइनाच्या न्यायालयासमोर एक वड आहे, तो भारतातून नेलेल्या रोपाचा आहे आणि आगीत होरपळला आहे, हे तिने पेपरात वाचले होते. २४ एप्रिल १८७३ ला, गावात ख्रिस्ती मिशन येऊन पन्नास वर्षे झाली म्हणून तो लावला. लावला तेव्हा आठ फुटांचा होता. त्याच्या पारंब्या जमिनीकडे वळाव्यात म्हणून गावातल्या लोकांनी त्यांच्या टोकांना पाण्याच्या बरण्या बांधल्या, आणि त्या एका झाडाने जवळजवळ दोन एकर जागा व्यापली. योगायोग असा की ज्या बोस्टनच्या मंडळाची माणसे १८२० मध्ये हवाईला पोहोचली, त्याच मंडळाची माणसे त्याच्या सात वर्षे आधी, १८१३ मध्ये, मुंबईत येऊन मराठी शिकू लागली होती. आईला या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. "पालवी फुटली का गं?" एवढेच तिचे विचारणे. आग लागून महिना-दीड महिना झाला तेव्हाच पहिली पालवी दिसली होती. झाडांच्या जाणकारांनी टँकरने पाणी घालून, मुळांशी खत-माती मोकळी करून ते जगवत ठेवले होते. हे मी तिला सांगितले. "जाऊन हात लावून ये," ती म्हणाली. मी गेले नाही. जळालेल्या वस्तीतून दोन दिवसांच्या पाहुण्यांनी झाड बघत हिंडावे, हे मला मुसुबीनंतर जमणारे नव्हते. आईला मात्र मी "वेळ नाही मिळाला" असे सांगितले. तिने वटपौर्णिमेला कधी वेळ मिळाला नाही असे म्हटल्याचे मला आठवत नाही.

आमचा संघ हरला. सोमवारी मेम्फिसकडून जादा वेळेत ९९-९७. शेवटच्या मिनिटात बरोबरी असताना पंचांनी फाउल दिला तेव्हा प्रशिक्षक डॅन हर्ली अक्षरशः जमिनीवर लोळले, त्या वर्तनाबद्दल आणखी एक, तांत्रिक फाउल झाला आणि दोन्हींचे मिळून चारही फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे चेंडू, मेम्फिसच्या खेळाडूने आत टाकले. मंगळवारी कोलोरॅडोकडून ७३-७२, तेही शेवटच्या काही सेकंदांत तोल जाता जाता, फळ्यावर आपटून आत गेलेल्या चेंडूवर. मुलगा त्या रात्री जेवला नाही. मग बुधवार, सातव्या जागेचा सामना, समोर डेटन. लागोपाठ दोन वर्षांचे राष्ट्रीय विजेते आठात शेवटचे ठरू नये म्हणून खेळत होते, आणि मला वाटले होते की आता ते अंग चोरतील. तसे झाले नाही. सामना हातातून निसटलेला असताना आमचा एक उंच खेळाडू बाहेर जाणाऱ्या चेंडूमागे झेपावला आणि समोरच्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर जाऊन आदळला. चेंडू बाहेर गेलाच होता. तो खेळाडू उठला, त्या माणसाच्या शर्टवर सांडलेले पेय आपल्या बाहीने पुसू लागला, पंचाने शिट्टी वाजवली तरी पुसतच होता. ८५-६७. आठांत आठवे. विजेतेपद त्या वर्षी ऑबर्नने नेले, पण तो सामना कसा झाला हे विचाराल तर मला आकडे आठवतात. ती बाही मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

त्या सामन्यानंतर मी पुन्हा स्टॉलवर गेले. क्षमा मागायची असे घोकून गेले होते. बाईंनी माझी संघाची निळी टोपी पाहिली. "तिन्ही?" त्यांनी विचारले. "तिन्ही," मी म्हणाले. त्या मोठ्याने हसल्या, अंबाड्यातले फूल हलले. मग चिमट्याने एक मुसुबी उचलत त्यांनी विचारले, "तुम्ही मूळच्या कुठल्या? कनेक्टिकटच्या आधीच्या?" मी नागपूरपासून सुरुवात केली. व्हरांडा, मागचे लिंबाचे झाड, उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याचा वास, गच्चीवर ओळीने घातलेली अंथरुणे. मागच्या माणसाने घसा खाकरेपर्यंत मी थांबले नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की मी सगळे 'होतं, होती' असेच बोलते आहे. ते घर आम्ही विकले आहे आणि तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. पण आम्ही चेक मोजून घेतला होता, भांडी खोक्यांत भरून, दाराला हळदी-कुंकू लावून निघालो होतो. विकलेल्या घराचे दुःख जळालेल्या घरासमोर मांडणे हा आगाऊपणाच, म्हणून मी तिथेच गप्प झाले. क्षमा मागायची राहून गेली. बाईंनी पैसे घेतले, सुटे दिले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या. यंदा आमची मुलं नव्हती. पुढच्या वर्षी शॅमिनाड खेळणार."

त्यांचे नाव मी विचारले नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात आमचा संघ माउईला नव्हता, त्यामुळे घरात कोणाला त्या स्पर्धेचे सोयरसुतक नव्हते. मी एकटी टीव्हीसमोर बसले. बाहेर अंधार पडलेला, थर्मोस्टॅट वाढवलेला, आणि पडद्यावर ते ओळखीचे, ठेंगणे सभागृह. विषम वर्ष असल्यामुळे शॅमिनाडची मुले मैदानात होती. खेळ थांबला की कॅमेरा समुद्र दाखवतो, नारळाची झाडे दाखवतो, फुलांचे हार घातलेल्या समालोचकांकडे जातो. प्रेक्षकांवरून फिरतो तेव्हा डाव्या बाजूच्या दारापर्यंत येतो आणि तिथून परत वळतो. त्या दाराच्या पलीकडे, साधारण वीस पावलांवर, तो स्टॉल. मी खुर्ची पुढे ओढली. एकदा दार उघडे होते आणि कागदाची पुडी घेतलेला एक हात आत आला. वरच्या खोलीतून मुलाने ओरडून विचारले, "आई, स्कोअर काय झाला?" मी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले, पण तोवर जाहिरात लागली होती.